दहाव्याच्या दिवशीचं लॉगिन

भिजलेल्या काळ्या तिळांचा वास आला की मला बाणगंगेचा घाट आठवतो. परळच्या इस्पितळात माझ्यासोबत संगणकांची सुरक्षा बघणाऱ्या मित्राचा दहावा होता. कावळा पिंडाला शिवत नव्हता. "त्यांचं काहीतरी राहिलंय, भाऊजी," त्याची बायको मला म्हणाली. तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला. त्याच्या नावाने कुणीतरी आमच्या सिस्टीममध्ये लॉगिन केलं होतं. गेलेल्या माणसाचं लॉगिन, याहून स्पष्ट खूण घुसखोरीची नसते. त्याचं खातं बंद करायला आमचं कुणाचंच मन धजलं नव्हतं. मी तिथेच, मोबाईलवरून ते बंद केलं. मान वर केली तेव्हा कावळा शिवला होता. आता कुणी सहकारी गेला की मी आधी त्याचं खातं बंद करतो, मग हार आणायला जातो.