इरकल साडीवरचा अभ्यास

सकाळचे साडेसात. तव्यावर भाकरी आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर जगदेवी, मांडीवर लॉ सीईटीचं पुस्तक. ती आमची वरच्या खोलीतली भाडेकरू. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई करते. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली, आता एकेचाळिसाव्या वर्षी तिला वकील व्हायचंय. परीक्षा चार दिवसांवर. घड्याळ मी लावते, तर्काचे प्रश्न ती सोडवते.

बसायला तिला पाट चालत नाही. हिरव्या इरकल साडीची घडी लागते. नऊ वर्षांपूर्वी पंचमीला ती वळसंगला माहेरी गेली, तेव्हा "पाइपलाइनचा कागद हाय" म्हणून भावानं कचेरीत नेलं, दोन तास बाहेर उभं केलं, सही-अंगठा घेतला. संध्याकाळी ही साडी दिली. शेतातला हक्क सोडल्याचं तिला कळलं ते दोन वर्षांनी.

"हिच्यावर बसलं की डोस्कं चालतं, वहिनी."

सुरुवातीला तिचं एकच चुकायचं. ‘सर्व भाऊ प्रामाणिक आहेत’ असं विधान आलं, की पेन्सिलीनं खोडायचीच.

"अगं, दिलेलं विधान खरं धरायचं असतं," मी म्हणायचे.

"एकदा धरलं हुतं की. दीड एकर गेलं."

दार वाजलं. बाहेर तोच भाऊ, आबासाहेब. एका हातात साडीची पिशवी, दुसऱ्यात कागद.

"वर कुलूप दिसलं. जगू, गावातल्या घराचा कागद राहिलाय. एक सही कर, लगेच जातो."

"थांब. अकरा प्रश्न राहिलेत."

मी खुर्ची आणायला निघाले, तर तिनं डोळ्यांनीच अडवलं. उंबऱ्यात त्याला उभं ठेवून तिनं अकराही प्रश्न सावकाश सोडवले, वर दोनदा तपासले. माझी भाकरी करपली. तेवढ्यात त्याला साडीचा काठ दिसला.

"माझी साडी बुडाखाली घेतलीस व्हय?"

"लई उपेगाला आली."

"ह्या वयात वकील हून काय करणार?"

"पहिली केस तुझ्यावर. पुढचं पुढं."

तो हसला. ती नाही. त्यानं पेन पुढं केलं. "घर मला ऱ्हावं, ही आईचीच इच्छा हुती की."

"आई म्हणाली, हे तू म्हणतोस. त्यातनं निष्कर्ष निघत न्हाय."

पेन तिनं त्याच्या खिशाला परत लावलं.

"दादा, एकच मागणं हाय. कागद हितं ठिवून जा. मला वाचायचाय."