पत्रिकेत नसलेली नावं

“आता पत्रिकेत जे न्हाईत, ते सांगा.”

कंधारच्या एका ओसरीवर बाई सहज बोलून गेल्या आणि माझं पेन थांबलं.

बाई आमच्या प्रकल्पातल्या समाजसेविका. मी नवी मदतनीस. कधी महिनोन्‌महिने उदासी, तर कधी झोपेविना अफाट उत्साह, असा हा बायपोलर आजार काही घराण्यांत पुन्हा पुन्हा दिसतो. त्यामागची जनुकं शोधण्यासाठी रक्ताचे नमुने लागतात. पण आधी वंशावळ: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत काळं.

‘आजारी कोण?’ असं विचारलं की घरं कशी गप्प होतात, तुम्हीही पाहिलं असेल. बाई तसं विचारतच नसत. जुनी लग्नपत्रिका मागायच्या आणि चुलत्या-मामांपासून चिमुकल्यांपर्यंत सगळी नावं मोठ्यानं वाचायच्या. लोक हसायचे, “बाई, तुम्ही तर आमच्या भावकीतल्याच की!” मग तो प्रश्न.

कंधारच्या आजी बराच वेळ पदर सारखा करत राहिल्या. “धाकला दीर व्हता. मांडवात आणला न्हाई त्याला.”

“नाव काय त्यांचं?”

“नाव कशाला आता?”

“नुसत्या चौकोनाला हाक कशी मारायची, आजी?”

“माणिक,” आजी म्हणाल्या. डोळे पुसले आणि एकदम हसल्या. “लई गुणी. एका दिसात अख्ख्या गल्लीतल्या भिंती चुन्यानं रंगवल्या व्हत्या त्यानं!”

मी कागदाकडे बघतच राहिले. रिकाम्या जागी माणूस उभा राहिला होता.

माझ्या दादाच्या पत्रिकेतही एक नाव नव्हतं. आत्याला हाच आजार. नांदेडला घरी तिचा विषय निघत नाही. घरच्यांना माझ्या लग्नाची काळजी. मी बाईंनाही कधी सांगितलं नाही.

बाई निवृत्त झाल्या, उमरीला लेकीकडे गेल्या. त्यानंतर लातूरच्या एका घरात मी पहिल्यांदाच एकटी गेले. पत्रिका वाचली, तोच प्रश्न विचारला. आजारी मुलाच्या आईनं पत्रिका माझ्या हातातून ओढून घेतली.

“तुम्हाला काय जातंय विचारायला, मॅडम? तुमच्या घरात असं कुणी असतं, म्हंजे कळलं असतं!”

सवयीनं मी शेजारी पाहिलं. बाईंची जागा रिकामी होती.

“आहे,” मी म्हणाले. “माझी आत्या. सुनंदा तिचं नाव.”