बेचाळीस पायांची गोम आणि एसीतला कॉम्प्युटर

यातला एक शब्द जरी खरा मानून दाखवलात तर माझ्याकडून मिरचीभजी! अख्ख्या विद्यानगरात अजून कुणी मानला नाही. मी चौथी नापास. काचीगुड्याकडच्या एका मराठी शाळेत आयाबाई होते. तिथले किस्से म्हणजे तिथल्या गोमींसारखेच. एक झाडून काढावी तर फरशीखालनं दोन निघतात.

पोरं मराठी, गल्ली तेलुगू, बाजार हिंदीचा. म्हणून आमची पोरं गोमेला तीनदा भ्यायची! एक ओरडायचा "गोम!", दुसरा "जेर्री!", आणि गेटवरचा वॉचमन चाँदपाशा "कनखजूरा है रे, भागो!" म्हटला की वर्गाला वाटायचं, तीन आल्यात.

मी चिमटा घेऊन जायची. असायची एकच, आणि ती बिचारी पण घाबरलेली.

*

एकदा मीच थाप मारली, की गोम कानात शिरते आणि डोक्यात संसार थाटते. झालं! दुसऱ्या दिवशी अख्खी पाचवी कानात कापूस कोंबून. कुळकर्णी सर पाढे विचारायलेत आणि पोरं नुसती हसायलीत.

सर तडक माझ्याकडं. "मावशी, हा अडाणीपणा बंद करा. विज्ञानाचं युग आहे!"

"चुकलं सर," मी म्हटलं.

"काय?"

"चुकलं!"

"अं?"

सरांच्या कानात पण कापूस होता!

*

याच सरांनी शिकवलं, गोमेला शंभर पाय. पाचवीत एक वंदना होती. गोमेच्या नुसत्या नावानं तिला घाम फुटायचा. पण मी मारलेली गोम ती मला कागदावर ठेवायला लावायची, आणि हातभर लांब बसून झाडूच्या काडीनं पाय मोजायची. एक डोळा मिटून!

तिनं वर्गात हात वर केला. "सर, बेचाळीस."

"पुस्तकात शंभर आहेत."

"सर, मी मोजलेत."

"मग तुझी गोम लंगडी असेल! बस खाली."

*

आता खरी गोष्ट. मुलींच्या संडासाची फरशी फुटलेली, खाली बारा महिने ओल. गोमी तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहायच्या. मीच नियम काढला, आत जायच्या आधी बादली तीनदा आपटायची, म्हणजे त्या फटीत पळतात. धाड, धाड, धाड! तिकडं वर्गात सर म्हणायचे, "कोण गेलं रे?" अख्ख्या शाळेला कळायचं कोण गेलं ते!

मग मुलींनी पाणी पिणंच सोडलं. वंदना तर सकाळपासून घरी जाईस्तोवर थेंब घ्यायची नाही. एक दिवस पोट धरून कळवळायला लागली, अंगात फणफणून ताप. डॉक्टर म्हणाले, पोरगी पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते, असंच चाललं तर किडनीवर जाईल.

मी शाळेच्या सेक्रेटरी साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. "साहेब, तेवढी फरशी करून द्या."

"मावशी, देश कुठं चाललाय! मार्केट खुलं झालं. आपल्या शाळेत कॉम्प्युटर येतोय!"

"येऊ द्या की. पण तो संडासला कुठं जाणार?"

*

आला. त्याला एसी, त्याला गालिचा, त्याला मखमली पडदा. चपला बाहेर काढायच्या. पोरांनी खिडकीतनं बघायचं. चाँदपाशा म्हणाला, "अम्मा, इसकू इत्ती ठंडी हवा? क्या मय्यत रखे क्या अंदर?"

सेक्रेटरी बूट काढून आत गेले तेव्हा मी बेगम बाजारातनं आणलेली रबराची गोम बुटात सोडली. साहेब एका पायावर नाचत जिन्यापर्यंत! सगळी शाळा हसली.

मग त्यांनी ती उचलून बघितली. "रबराची! आता परत फसणार नाही हां, मावशी."

"नका फसू, साहेब."

*

उद्घाटनाला कॉम्प्युटर देणाऱ्या कंपनीच्या मॅडम आल्या. नारळ, हार, पेढे. सेक्रेटरींनी पडदा सरकवला, तर कीबोर्डवर हीऽ लांब काळी गोम!

मॅडम किंचाळल्या. सेक्रेटरी मात्र गालात हसले. "घाबरू नका मॅडम, आमच्या आयाबाईंचा चावटपणा आहे. रबराची आहे." आणि ऐटीत दोन बोटांत उचलली.

रबराची नव्हती.

काय नाचले! रिबीन तुटली, पेढे सांडले, बटण दाबायचं बोट वांग्याएवढं झालं.

"अरे, ही आली कुठनं?" मॅडम विचारायल्या. तेवढ्यात मागनं बारीक आवाज आला. "आमच्या संडासातनं. तिथं लई आहेत. पाय बेचाळीस असतात."

वंदना!

"मला दाखव," मॅडम म्हणाल्या.

"दाखवते. पण थांबा, आधी बादली आपटते."

धाड, धाड, धाड! मॅडमनी आत डोकावलं आणि नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "सेक्रेटरीसाहेब, कॉम्प्युटर नंतर चालू करा. आधी ही फरशी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सेक्रेटरींनी तर बोटच दाखवलं माझ्याकडं, तेच सुजलेलं! मी म्हटलं, मी नाही, माझा चिमटा सकाळपासून सापडत नाही. कोण मानतंय!

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. चार दिवसांत फरशी घालून गेला.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर वंदना माझ्याकडं आली. हातात रुमालात गुंडाळलेला चिमटा.

"मावशी, साबणानं दोनदा धुतलाय."

आणि माझा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायली.

आता तोंडाकडं काय बघता? मानलंत म्हणता? भजी-बिजी काही नाही, ती पण थापच! जा आता!