परत नेलेलं वाण

शैलाताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकीतल्या कुंडीपाशी जायच्या आणि झाडाचं पान उलटून बघायच्या. मी या सोसायटीत नवीन राहायला आले, तेव्हा माझ्या तुळशीचीही त्यांनी अशीच झडती घेतली; चहा त्यानंतर. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत, पण झाडांचा विषय निघाला की मालवणी तोंडात यायची. "पान वरसून बघू नको गो, खालसून बघ. दुखणा पाठीक असता." मला त्यांचा रागच आला होता.

साकीनाक्याच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात माल तपासण्यात काढली. तिथला नियम त्यांच्या अंगात मुरला होता. एक पीस खराब निघाला की अख्खा लॉट परत. एखादं वांगं किडकं निघालं तर सगळी पिशवी भाजीवाल्यासमोर ओतून यायच्या. यजमान गेले, नोकरी संपली, आणि त्यांनी आमच्या अंधेरीच्या या जुन्या बिल्डिंगची गच्ची ताब्यात घेऊन टोमॅटो आणि ढोबळी मिरची लावली. गच्ची गळेल म्हणून सेक्रेटरी कुरकुरला, पण टोमॅटोची पिशवी घरी पोचल्यावर गप्प बसला.

नवरा गेल्यापासून शैलाताईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावीना. तेव्हा एका वर्षी त्यांनी स्वतःच गच्चीवर हळदीकुंकू ठेवलं. कुणी येईल की नाही, याची मला धास्ती होती. पहिली आली ती त्यांच्या समोरच्या दारातली सुनंदा. या दोघींचं मेतकूट असं, की एकीची आमटी दुसरीच्या घरी संपायची. सुनंदाने सगळ्यांदेखत शैलाताईंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग बाकीच्यांचाही धीर झाला. वाण म्हणून प्रत्येकीला टोमॅटोचं एक आणि मिरचीचं एक रोप मिळालं. शैलाताई त्या दिवशी फार छान दिसत होत्या.

घोळ त्या रोपांतच होता. सगळ्या बायकांना पुरावीत म्हणून ताईंनी भरपूर रोपं केली होती, ट्रे एकमेकांना खेटून ठेवले होते आणि कबुतरांच्या भीतीने चहूबाजूंनी जाळी गुंडाळली होती. आत वारा खेळत नव्हता. मिरचीची काही पानं वरून पिवळट दिसली, तेव्हा खत कमी पडलं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. हळदीकुंकवाच्या धांदलीत खुद्द त्यांच्याकडूनच पान उलटायचं राहून गेलं. थोड्याच दिवसांत गच्चीवरच्या टोमॅटोच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे डाग आले आणि मिरचीच्या पानांची पाठ पांढरी निघाली. भुरी म्हणतात या रोगाला. ही बुरशी पावसाची वाट बघत नाही, वाऱ्यावर बसून या खिडकीतून त्या खिडकीत जाते.

गच्ची त्यांनी सावरली. जाळी काढली, कुंड्या लांब लांब मांडल्या, रोगट पानं कापून पिशवीत बांधून टाकली, ऊन उतरल्यावर गंधकाचं पाणी फवारलं. हेच पाणी घरोघरी द्या, बायका फवारतील, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "फवारतील दोन दिवस, मग विसरतील. लॉट परत."

सवाष्णीला दिलेलं वाण परत मागायचं, असं कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. ताई मोठी पिशवी घेऊन दारोदार गेल्या. महिन्याभरात नवं, निरोगी रोप देते म्हणाल्या. कुणी हसून दिलं, कुणी तोंड फिरवून. सुनंदाचा नवरा विलास म्हणाला, आमच्या मिरचीला काय धाड भरलीय? ताईंनी पान उलटून दोघांनाही पांढरी बुरशी दाखवली आणि कुंडी उचलली.

नवी रोपं तयार व्हायच्या आत विलास ऑफिसात कोसळला आणि गेला. हृदयविकार जुना होता, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण बिल्डिंगला कारण हवं होतं आणि ते समोर तयार होतं. वाण दिलं विधवेने आणि परतही तिनेच नेलं. मी पुष्कळ भांडले. ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

तेराव्याला भरल्या घरात सुनंदा म्हणाली, "ताई, रोप मेलं असतं तर मेलं असतं. तुम्ही ते न्यायला नको होतं."

कुणाचंही ऐकून न घेणाऱ्या शैलाताई मुकाट्याने आपल्या घरी गेल्या. नवी रोपं छान झाली, पण न्यायला कुणी आलं नाही. गच्चीवर पाणी घालताना त्यांनी एकदाच मला विचारलं, "पानाच्या पाठीक बुरशी होती. तिका दिसली होती मां गो?" दिसली होती, मी म्हटलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं, सुनंदाच्या बंद दारालाही सांगून आल्या. संध्याकाळ झाली तरी गच्चीवर मी एकटीच. मी ताटं आवरायला घेतली, तेवढ्यात जिन्यावर सुनंदा दिसली. ती वर्षभरात खूप वाळली होती.

"यंदा मला कुणीच बोलावलं नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडेच यायचं राहिलं आता."

ताईंनी कुंकवाचा करंडा उचलला. तिने हातानेच नको म्हटलं. मग त्यांनी रोप पुढे केलं. सुनंदाने कुंडी दोन्ही हातांत धरली.

"हे परत न्यायला येणार नाही ना?"

"नाही."

"भुरी आली तरी?"

कारखान्यात, बाजारात, घरात, आयुष्यात कधी या बाईने खराब माल चालवून घेतला नव्हता.

"आली तरी नाही," त्या म्हणाल्या.