मी राखलेली पाखरं

माझ्या लेकीचं लग्न एका पाखरापायी मोडत होतं, आणि त्यात पाखराची काहीही चूक नव्हती.

रोहिणीला पुण्याचं स्थळ आलं होतं. पोरगं लाखात एक. त्याच्या वडिलांना मात्र पक्षी बघायचा नाद. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला पक्ष्यांची आवड आहे का?"

"अवो, लहानपणी पाखरंच राखलीत की मी," मी ठणकावून सांगितलं.

खोटं काय त्यात? आमच्या धारूरकडं ज्वारी हुरड्यात आली की मी शेतातल्या माळ्यावर चढायची, गोफण फिरवायची आणि थवा दिसला रे दिसला की बोंब ठोकून हाकलायची. त्याला आम्ही पाखरं राखणं म्हणतो. पुण्यात राखणं म्हणजे जपणं, हे मला कुणी सांगावं?

व्याही (म्हणजे होणारे!) एकदम गहिवरले. "आमचा ग्रुप दापोलीला समुद्रावर चाललाय. तुम्ही सगळे याच. साखरपुड्याचं तिथंच ठरवू."

रोहिणीला घाम फुटला. "आई, तिथं मोठ्यानं बोलायचं न्हाई. शिंकायचं पण न्हाई."

"मी काय येडी हाय का?"

रोहिणीनं बापाकडं बघितलं, बापानं पेपर तोंडासमोर धरला.

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर दहा-बारा माणसं, सगळी मातकट कपड्यांत, वाळूत दबा धरून बसलेली. मी जरीकाठी राणी कलरमध्ये (विहीण म्हणून पहिल्यांदा भेटायचं तर काय मळकं नेसू?). व्याह्यांनी कुजबुजत ओळख करून दिली, "या धारूरच्या ताई. यांनी लहानपणापासून पक्षी राखलेत." सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या. एका बाईंनी तर वाकून नमस्कार केला. व्याह्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. मी ती उलटी धरली होती, पण मोठ्या माणसाची काही पद्धत असेल असं त्यांना वाटलं.

दोन तास बसलो. पायाला मुंग्या आल्या. व्याही अकरा वर्षं एकाच पाखराची वाट बघत होते. त्याचं नाव इंग्रजी आणि दीड हात लांब, मला अजून येत नाही.

आणि थवा आला. एक वळण घेऊन भर्रकन खाली उतरायला लागला.

"तोच. मधला तोच," व्याही पुटपुटले आणि कॅमेरा उचलला.

मला समुद्र दिसलाच नाही. मला दिसली आमच्या वडलांची भरलेली ज्वारी आणि तिच्यावर उतरणारा थवा. हात आपोआप डोक्याच्या वर गेला, दुर्बीण पट्ट्यासकट गरागरा फिरली.

"हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ!"

अख्खा किनारा रिकामा झाला. पाखरं गेली, कावळे गेले, लांब जाळं विणत बसलेला माणूससुद्धा उठून उभा राहिला. गोफणीचं एक टोक सोडायचं असतं आणि एक धरायचं असतं. मी घाईत दोन्ही सोडली. दुर्बीण लाटेत गेली.

आमचे हे पँट वर करून पाण्यात उतरले. दुर्बीण शोधायला की तोंड लपवायला, ते अजून सांगत नाहीत. रोहिणी रडायला लागली. पोरीचं सोन्यासारखं स्थळ मी माझ्या तोंडानं घालवलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"ताई," व्याही कसंबसं म्हणाले, "तुम्ही तर पक्षी राखले म्हणालात."

"राखलेच की. एक दाणा खाऊ दिला न्हाई कुणाला."

मागं कुणीतरी खुसखुसलं. बघते तर मुलाची आई. पदर तोंडात कोंबूनही तिला हसू आवरेना.

"तीस वर्षं मी यांच्याबरोबर तोंड मिटून वाळूत बसतेय," ती डोळे पुसत म्हणाली. "तीस वर्षं मला असंच ओरडायचं होतं. विहीणबाई, साखरपुड्याची तारीख काढा."

लग्न ठरलं. व्याह्यांनी एकच अट घातली, मांडवात विहीणबाईंच्या हातात माइक द्यायचा नाही. मी लगेच कबूल केलं. मला माइक लागतोय कशाला?