शालिनीबाईंच्या पातळाचा वास

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकी सगळं सांगते. एरवी मी तोंड मिटून बसणारी बाई नव्हे, मालवणात कोणालाही विचारा! पण इथे आलं की जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही परके आहात — म्हणून कदाचित जमेल.

आधी माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. हसू नका. माझे वडील मिठबावचे. जत्रेजत्रेतून उदबत्ती, कुंकू आणि अत्तर विकायचे. लाकडी पेटीत मखमलीवर कुप्या मांडलेल्या असायच्या. गिऱ्हाईक समोर आलं की ते आधी त्याचं तोंड बघायचे, दोन शब्द बोलायचे, आणि मगच कुपीचं बूच काढायचे. तापट माणसाला वाळा. मिरवणाऱ्याला हिना — त्याला दुसरं काही द्या, तो घेणारच नाही. म्हणायचे, माणूस आपल्यासारखंच अत्तर उचलतो, आणि ते त्याच्या अंगावर आलं की त्याच्यासारखंच होतं. मी त्या पेटीशेजारी वाढले.

लग्न होऊन मालवणात आले आणि हळदीकुंकवाला अत्तरदाणी माझ्या हातात आली. मग काय! मनगटाला अत्तर लावता लावता मी बायकांना त्यांचे स्वभाव सांगायची. आमच्या आळीतले एक वकील एकच फाया चार दिवस कानात ठेवायचे, ते मी न विचारता ओळखलं होतं. खोत रस्त्याच्या वळणावर असतानाच त्यांची हिना आमच्या पडवीत यायची. बायका पोट धरून हसायच्या. माझ्या सासूबाईंना तर माझ्या नाकाचा केवढा अभिमान! त्यांचं स्वतःचं नाक तपकिरीने कामातून गेलं होतं, वास आला तरी कसला ते ओळखता यायचं नाही. मोलकरीण ठेवायची झाली तरी मला पुढे करायच्या. मला ते फार आवडायचं. घरात माझी किंमत होती ती त्या नाकाची — निदान मला तरी तसं वाटायचं.

आता मुद्द्यावर येते. येते हळूहळू.

माझे धाकटे दीर, वसंत भावोजी, शाळेत मास्तर होते. अठ्ठावीस वर्षांचे. पंचावन्न-छप्पन साल असेल. त्यांच्याच शाळेत शालिनीबाई नावाच्या शिक्षिका होत्या, सव्वीसच्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेलेला. भावोजींनी एक दिवस आईला सरळ सांगितलं — लग्न करीन तर यांच्याशीच. तेव्हाच्या मालवणात हे! सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चेडू बरा आसात तर माझी ना नाय. लोक काय बोलतले ते बोलांदेत."

किती मोठं मन होतं त्या बाईचं, बघा. आणि वळून मला म्हणाल्या, "तिका चायेक बोलवतंय. तू बघ आणि माका सांग."

सगळं माझ्यावर आलं.

शालिनीबाई आल्या. पांढरं, बारीक काठाचं पातळ, हातात छत्री. मी जवळ गेले आणि एक वास आला — अगदी मंद, जुन्या मधासारखा. मला त्याच क्षणी कळलं. सुरंगी! पण ती फुलं शिमग्याच्या सुमाराची, आणि तुळशीचं लग्न तर नुकतंच झालेलं. आणि विधवा बाई सुरंगी माळणार कुठून?

चहा गाळताना त्या स्वयंपाकघरात माझ्या मदतीला आल्या. मी विचारायच्या आधीच लाजून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या नाकापासून काही लपत नाही म्हणतात. शाळेतल्या मुली सुरंगीचे वळेसर, गजरे, आणून देतात हो. मला माळता येत नाही, त्यांना नाही म्हणवत नाही, फेकवतही नाहीत. ट्रंकेत पातळांमध्ये ठेवते. वर्षभर वास राहतो."

मी काय म्हटलं असेल? काहीतरी गोड म्हटलं. पण आत चरचर झाली. बाबांनी आयुष्यभर कुप्या उघडून जे दाखवलं, ते इथे कुपीशिवाय समोर उभं होतं. लहान मुलीचं मन मोडू नये म्हणून स्वतःला वर्ज्य असलेली फुलं जपून ठेवणारी बाई. शिकलेली, पगार मिळवणारी, मंद बोलणारी. ही या घरात येणार — आणि मग माझं काय? वकिलाच्या फायावर हसवणारी मी, हिच्याशेजारी कशी दिसेन?

एवढंच कारण होतं. याहून मोठं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

त्या गेल्या. सासूबाई खूश दिसत होत्या. सहज म्हणाल्या, "तिच्या पातळाक कसलो गो वास येय होतो?"

शाळेतल्या मुलींनी दिलेली सुरंगी म्हटलं असतं तर काम झालं होतं. लग्न ठरलं असतं. मी म्हटलं, "अत्तर आसा, आई. भारीतला. आपल्या पैशान असला कोण घेना नाय."

पुढे बोलायची गरजच नव्हती. विधवेच्या अंगाला अत्तर, तेही कोणीतरी दिलेलं! सासूबाईंचा चेहरा उतरला. आरडाओरडा केला नाही त्यांनी, कपबशा उचलून मोरीत ठेवल्या आणि माजघरात जाऊन बसल्या. माझ्या शब्दाची शहानिशा करावी असं त्यांच्या मनातही आलं नाही.

भावोजी दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी आले. मी कळशी भरत होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. "वैनी, तुका खात्री आसा?"

तुम्हीच सांगा, असं विश्वासाने विचारायला आलेल्या माणसाला कोणी फसवतं? मी फसवलं. म्हटलं, "माझा नाक कधी चुकला?"

त्यांनी शालिनीबाईंना का नाही विचारलं? कारण ते सभ्य होते. तुम्हाला अत्तर कोण देतं, असं विधवा बाईला विचारणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. त्या सभ्य होत्या, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. दोघांच्या चांगुलपणावर माझं खोटं तगलं. वर्षभरात शालिनीबाईंनी तळेऱ्याला बदली मागून घेतली. भावोजींना नंतर चार स्थळं आली, चारही परत गेली. आणि हे ऐका — एकदा जेवताना मला म्हणाले, वैनी, तू होतीस म्हणून मी वाचलो. मी त्यांच्या पानात तूप वाढत होते.

आठ वर्षांनी कुडाळच्या एसटी स्टँडवर त्या दिसल्या. बाजार करून मी गाडीची वाट बघत होते. कानाशेजारी केस पिकलेले, पण हसू तेच. सासूबाई गेल्याचं सांगितलं तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? त्या दिवशी माझं काही चुकलं होतं का? मी पुष्कळदा आठवून बघते. काही वावगं बोलले होते का मी?"

"मला बाई काही ठाऊक नाही," मी म्हटलं.

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या आणि तळेऱ्याच्या गाडीत चढल्या. खिडकीतून हातही केला.

संध्याकाळी घरी आले. भावोजी पडवीत वह्या तपासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुडाळाक कोण वळखीचा गावला?"

घाबरावं असं घरात कोणी उरलं नव्हतं. भावोजी छत्तीस वर्षांचे होते, बाई चौतीसच्या, आणि तळेऱ्याला रोज गाड्या जात होत्या. मी "कोण नाय" म्हटलं आणि भात टाकायला आत गेले.