बुकेतली सात आर्टिचोक

रविवारी इंदापूरला एका सरांच्या निरोप समारंभाला गेले होते... आणि प्रमुख पाहुण्यांच्या हातातल्या बुकेत मला माझ्या मैत्रिणीची भाजी दिसली!

हो, भाजीच. आर्टिचोक. मिटलेल्या कमळासारखी हिरवी, जाडजूड कळी असते ती. चंदेरी कागद, लाल रिबीन आणि मध्ये सात कळ्या. सातच्या सात! महिनाभर रोज सकाळी त्यांचे फोटो येत होते मला व्हॉट्सअॅपवर, मी ओळखणार नाही तर कोण?

ही मैत्रीण म्हणजे सुनंदा. लोणी देवकरजवळ त्यांची शेती, सगळा ऊस. त्यात न्हाणीघरामागची चार हात जागा तेवढी हिची. तिथे तिने ऑनलाइन बी मागवून तीन झाडं लावली. पहिल्या वर्षी नुसती काटेरी पानं आली, तेव्हा घरचे म्हणाले, पिवळा धोत्रा लावलाय का? तिने दोन उन्हाळे गोणपाटाची सावली करून ती जगवली... आणि या वर्षी पहिल्यांदा कळ्या आल्या.

मुख्य म्हणजे सुनंदाने आर्टिचोक कधी खाल्लेलंच नाही! मीही नाही. सोमवारी मी बारामतीहून जाणार, दोघी मिळून शिजवणार आणि पहिला घास तिने खायचा, असं ठरलं होतं.

तर तिचा धाकटा दीर या कार्यक्रमाचा संयोजक. बुके आणायला विसरला. सकाळी सुनंदा खुरपायला गेलेली, याने विळा घेतला आणि... आयजीच्या जिवावर बायजी उदार!

तिथूनच तिला फोन लावला. "व्हय, दुपारी बघितलं मी. नुस्ती देठं हायती." एवढंच बोलली. रडली असती तर बरं वाटलं असतं. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, ज्यांना बुके दिला त्यांनी काय केलं? फोटोपुरता धरला, खुर्चीवर टाकला आणि निघाले भिगवणला मासे खायला. दोन वर्षांची मेहनत रिकाम्या खुर्चीवर! मी सरळ स्टेजवर चढले आणि बुके उचलला.

"अवं ताई, पावण्यांचा बुके हाय त्यो!" दीर मागे धावत आला. मी म्हटलं, "तुमच्या वहिनीचा आहे. विचारलं होतं तिला?" लोक बघत होते. बघू देत! "शोभंची फुलं हायती म्हणलं..." असं काहीतरी पुटपुटला. गाढवाला गुळाची चव काय...

स्कूटीवर बुके ठेवला आणि थेट सुनंदाचं घर गाठलं. तारा सोडवल्या, रिबीन फेकली. नशीब, चमकी मारलेली नव्हती. टोकं छाटून लिंबू चोळलं आणि कळ्या कुकरला लावल्या. लसूण ठेचून शेंगदाण्याच्या तेलात परतला.

शेवग्याची शेंग ओढतो ना, तशी एकेक पाकळी दातांनी ओढायची. मग मधली लव चमच्याने खरवडून काढली की खाली राहतो तो गाभा. बटाट्याइतका मऊ. आणि वर पाणी प्यायलं तर आवळा खाल्ल्यासारखं गोड लागतं! सुनंदाने पहिली पाकळी ओढली... "चांगली लागतीय गं," म्हणाली. तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं.

आणि लगेच उठून एक ताटली घेतली! सगळ्यांत मोठी कळी तिच्यात ठेवून वर झाकण. कुणाला? तर भाऊजींना!

मी भडकलेच. ज्याने विळा चालवला त्याला? तर म्हणते कशी, "चव कळली म्हंजे पुढच्या बारीला आदी इचारंल."

शहाणी आहे ती माझ्यापेक्षा. मला पटलंही. पण राग काही जाईना. ती पाणी आणायला वळली तशी मी झाकण काढलं, त्या मोठ्या कळीचा गाभा काढून तिच्या ताटात घातला आणि पाकळ्या दिरासाठी ठेवल्या. चव कळायला तेवढ्या पुरे!

परत आली, ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि तो गाभा सुनंदाने सगळाच्या सगळा खाल्ला... कुणाला अर्धा दिला नाही, कुणासाठी ठेवला नाही.